एलिजा मॅकॉय : उमेदवारीतून घडलेला अभियंता

केंटकीतील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीय दांपत्याच्या पोटी एलिजा मॅकॉय यांचा जन्म १८४४ साली झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत, मिशिगन राज्यात स्थिरावले. पंधराव्या वर्षी आईवडिलांनी मुलाला स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे धाडले. तेथे उमेदवारी करीत, प्रत्यक्ष कामातून शिकत ते यांत्रिकी अभियंता झाले.

परतल्यावर मात्र विद्येपेक्षा वर्णच मोठा ठरला. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्यांना काम मिळाले ते इंजिनात कोळसा टाकण्याचे व तेल घालण्याचे. जन्मावरून काम ठरविण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही.

त्या काळी तेल घालण्यासाठी इंजिन वारंवार थांबवावे लागे. मॅकॉय यांनी वाफेचे यंत्र चालू असतानाच त्याला आपोआप तेल पुरविणारे साधन घडविले आणि १८७२ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे त्यांच्या नावे पन्नासहून अधिक पेटंटे नोंदली गेली. १९२९ साली ते निवर्तले.

त्यांना पद नाकारले गेले; उमेदवारीत कमावलेली विद्या मात्र कोणालाही हिरावता आली नाही. कारखान्यात उमेदवारीस जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे सदैव स्मरणात ठेवावे.