डिचोलीचे बिशप मातेउस द कास्त्रो

दिवाड बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीज अमदानीत पाडले गेले आणि देव नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे नेण्यात आला, ही हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. शिवछत्रपतींनी 1668 साली त्याचा जीर्णोद्धार करविला. त्याच दिवाडचा एक ख्रिस्ती पुत्रही न्याय शोधीत डिचोलीस आला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मातेउस द कास्त्रो यांचा जन्म 1594 च्या सुमारास दिवाडमधील नावेली गावी, ख्रिस्ती झालेल्या महाले या ब्राह्मण घराण्यात झाला. बारदेशातील रेईश मागूश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे ते शिकले. पण एतद्देशीयांना दीक्षा द्यावयाची नाही, असे त्या वेळच्या आर्चबिशपांचे धोरण होते. जिद्दी मातेउस खुष्कीच्या मार्गाने रोमला गेले, तेथे शिकून धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही झाले. लॅटिन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप होत.

विजापूरच्या मुलखाचा कारभार पोपने त्यांच्याकडे सोपविला. परंतु गोव्याचे अधिकारी त्यांना मानीनात. तेव्हा त्यांनी डिचोलीस ठाणे मांडले. पेडणे व डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. तोवर तेथे त्यांचा हुकूम चालत नसे. डिचोलीत मातेउस यांनी देशी तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्याच्या धर्मपीठाने त्या अमान्य ठरविल्या.

येथेच त्यांच्या आयुष्यातली कसोटी आली. सैतानाने ख्रिस्ताला उंच डोंगरावर नेऊन जगातली सारी राज्ये देऊ केली आणि ख्रिस्ताने ती नाकारली, अशी कथा शुभवर्तमानात आहे. मातेउस यांच्यापुढेही राज्येच उभी होती: एकीकडे आदिलशाही, दुसरीकडे डच. त्यांनी 1653 साली गोव्यातील देशबांधवांना अन्यायाविरुद्ध उठविणारे ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे पोर्तुगीज लिखाण केले. 1654 मध्ये आदिलशाही फौजा बारदेश व साष्टीवर चालून आल्या, तेव्हा त्यामागे बिशपांचाच हात आहे, असा आरोप पोर्तुगीजांनी केला. गाऱ्हाणे खरे होते. पण ते तलवारीच्या आश्रयास गेल्याचा डाग लागला तो कायमचा. उत्तरायुष्य त्यांनी रोममध्येच काढले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांचे पुतणे तोमास द कास्त्रो हेही पुढे बिशप झाले. 1681 मध्ये कानडा प्रांतात गोव्याहून आलेल्या एका तरुण गोमंतकीय पाद्र्याशी त्यांचा अधिकारावरून वाद पडला. त्या पाद्र्याने भांडण न वाढविता मिटते घेण्याची वाट धरली. ते जुझे वाझ. पुढे ते मजुराच्या वेशात सिलोनला गेले, कँडीच्या राजाचे बंदी झाले आणि मग त्याच राजाचा त्यांनी विश्वास मिळविला. बिशपपद देऊ केले असता त्यांनी ते नाकारले. 1711 साली ते कँडीस निवर्तले. 2015 मध्ये पोपने त्यांना संत घोषित केले.

अन्याय मातेउस यांनी अधिक सोसला, हे विसरता कामा नये. त्यांच्या चिकाटीवाचून देशी पाद्र्यांना मान मिळण्यास कदाचित आणखी कितीतरी काळ लागता. परंतु हक्कासाठी झगडणाऱ्याने कोणाचे बळ उसने घ्यावे, हा प्रश्न डिचोलीच्या या बिशपांनी आपल्यापुढे ठेवला आहे, आणि तो केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही.