शाक्तशिरोमणी श्रीभास्कररायमखी

॥ श्रीललितामहात्रिपुरसुंदर्यै नमः ॥

देवीच्या मंदिरात शुक्रवारी, पौर्णिमेस व नवरात्रात ज्या ललितासहस्रनामाचा पाठ होतो, त्यावरील 'सौभाग्यभास्कर' ही टीका आज सर्व भारतात प्रमाण मानली जाते. तिचे कर्ते श्रीभास्कररायमखी हे महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यातील होते. कावेरीकाठच्या श्रीविद्या उपासकांमध्ये त्यांचे नाव नित्य आदराने घेतले जाते. महाराष्ट्रातील भाविकांना मात्र त्यांचा परिचय अल्पच आहे, ही खेदाची गोष्ट होय.

त्यांचे चरित्र जाणून घेण्यास आणखी एक कारण आहे. वाममार्ग हा शब्द कानी पडताच सामान्य भाविकाच्या मनात भय उत्पन्न होते. स्मशान, मद्यमांस, जारणमारण यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि देवीची उपासना घरात करावी की न करावी अशी शंका अनेक कुटुंबांत घेतली जाते. भास्करराय हे त्या मार्गाचे दीक्षित होते. तेच भास्करराय वेदसंपन्न होते, यज्ञयाग करणारे होते. 'मखी' या त्यांच्या उपपदाचा अर्थच मुळी यज्ञ केलेला पुरुष असा आहे. या दोन गोष्टी एका देहात कशा नांदल्या, हे त्यांच्या चरित्रातून उलगडते.

जन्म व विद्याभ्यास

भास्कररायांचा जन्म इ. स. १६९० च्या सुमारास झाला असे मानले जाते. पिता गंभीरराय आणि माता कोनमांबा. गंभीरराय हे विजापूरच्या दरबाराशी संबंधित विद्वान गृहस्थ होते व महाभारताच्या फारसी भाषांतराबद्दल त्यांना 'भारती' ही पदवी मिळाली, असे परंपरा सांगते. आदिलशाही इ. स. १६८६ मध्ये लयास गेली. भास्कररायांचा जन्म त्यानंतरच्या धामधुमीच्या काळातला. मातापिता यात्रेत असताना भागा नगरीत हा पुत्र जन्मला, अशी कथा आहे. ही भागा म्हणजे भागानगर, आजचे हैदराबाद, असे समजतात.

मुंज काशीक्षेत्री झाली. पुढे नृसिंहाध्वरी या गुरूंजवळ राहून त्यांनी अनेक विद्या संपादन केल्या. नव्यन्यायाचे कठीण शास्त्र ते गंगाधर वाजपेयी यांच्यापाशी शिकले. त्या काळी अथर्ववेदाचे अध्ययन क्षीण होत चालले होते. ते स्वतः करून इतरांकडूनही करविण्याचे श्रेय परंपरा त्यांना देते. त्यांच्या पत्नीचे नाव आनंदी. या साध्वीलाही त्यांनी श्रीविद्येची दीक्षा दिली आणि दीक्षेनंतर ती पद्मावत्यंबिका या नावाने ओळखली जाऊ लागली. उपासनेत स्त्रीला बरोबरीचे स्थान देण्याची शाक्तांची रीत येथे प्रत्यक्ष दिसते.

सुरतेस शिवदत्त शुक्ल या थोर उपासकांनी भास्कररायांना पूर्णाभिषेक केला. श्रीविद्येतील ही सर्वोच्च दीक्षा होय. तेव्हापासून त्यांचे दीक्षानाम भासुरानंदनाथ झाले, आणि येथूनच त्यांच्याविषयीच्या वादाला प्रारंभ झाला.

सव्य आणि अपसव्य

हा वाद समजण्यासाठी दोन मार्ग कोणते ते पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरी श्राद्धकर्म होते त्यांना जानवे सव्य व अपसव्य करणे ठाऊक असते. देवकार्यात ते डाव्या खांद्यावर, पितृकार्यात उजव्या. कर्म करणारा तोच, जानवेही तेच. केवळ कोणासाठी काय करावयाचे यानुसार बाजू पालटते. गंमत अशी की संस्कृतात 'सव्य' शब्दाचा मूळ अर्थ डावा, परंतु तो उजवा या अर्थीही योजला गेला आहे. 'वाम' शब्दही तसाच. त्याचा अर्थ डावा, उलटा आणि सुंदर असा तिन्ही परींनी होतो.

तंत्रग्रंथांत दक्षिणाचार म्हणजे वेदस्मृतींनी सांगितलेला आचार सांभाळून केलेली देवीची पूजा. वामाचारात पंचमकारांचा, म्हणजे मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा व मैथुन या पाच तत्त्वांचा पूजेत अंतर्भाव असतो. दक्षिणाचारात त्यांच्या जागी अनुकल्प घेतात. मद्याऐवजी नारळाचे पाणी, तसेच आले, गूळ इत्यादी सात्त्विक पदार्थ. कालिकापुराणाने हा भेद आणखी वेगळ्या रीतीने मांडला आहे. देव, ऋषी, पितर, मनुष्य व भूते यांची ऋणे ज्याची त्याला यथाविधी फेडून जो देवीला पूजतो, त्याचा भाव दाक्षिण्य. आणि सर्वांचे सर्व भाग एका देवीलाच अर्पण करणाऱ्याचा भाव वाम्य. अशा दृष्टीने पाहिले तर वाममार्ग म्हणजे स्वैराचार नसून सर्वस्व एकाच ठिकाणी ओतण्याचा अत्यंत जोखमीचा प्रकार ठरतो. कुलार्णवतंत्रात तर हा मार्ग तलवारीच्या धारेवर चालण्याहून अवघड म्हटला असून, भोगलालसेने त्यात शिरणाऱ्याचा निषेधच केला आहे.

श्रीविद्येतही असाच एक मतभेद होता. सौंदर्यलहरीचे सोळाव्या शतकातील टीकाकार लक्ष्मीधर यांनी समयमत श्रेष्ठ मानले. समयाचारात पूजा सर्वस्वी अंतःकरणात, देहातील चक्रांत चालते. कौलांची बाह्यपूजा लक्ष्मीधरांनी त्याज्य ठरविली. भास्करराय कौल होते, आणि कौलमत वेदविरुद्ध नाही हे त्यांनी आयुष्यभर प्रतिपादिले.

ललितासहस्रनामात देवीचे ९८ वे नाम समयाचाराशी आणि ४४१ वे नाम कौलमार्गाशी जोडलेले आहे. ९१२ वे नाम 'सव्यापसव्यमार्गस्था' असे आहे. डाव्या व उजव्या दोन्ही मार्गांत जी वास करते ती. या एका नामाचा अर्थ भास्कररायांनी एकाहून अधिक परींनी उलगडला आहे. जी माता दोन्हीकडे उभी आहे, तिच्या नावाने एका बाजूने दुसरीला बहिष्कृत करावे हे त्यांना मान्य नव्हते. मात्र कौलविधी चारचौघांत उघडा करावा असेही त्यांनी कधी म्हटले नाही. तो दीक्षितापुरता, गुरूच्या देखरेखीखाली आणि गुप्तच राहिला पाहिजे, हा दंडक त्यांनी मोडला नाही.

एकोणिसाव्या शतकात हे शब्द सागरापार गेले आणि त्यांचा अर्थ फारच बदलला. इ. स. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या मॅडम ब्लाव्हाट्स्की इ. स. १८७९ मध्ये मुंबईस आल्या. त्यांच्या लेखनातून 'डाव्या हाताचा मार्ग' हा शब्दप्रयोग पाश्चात्त्य गूढविद्येत रूढ झाला, परंतु दुष्ट जादू या अर्थाने. पुढे अलिस्टर क्राउली यांनीही तो निंदाव्यंजकच वापरला, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडील काही पंथांनी तोच शब्द बंडखोरीची खूण म्हणून अभिमानाने धारण केला. त्यात अहंकाराची प्रतिष्ठापना आहे. कौलाच्या पूजेत अहंकाराची आहुती आहे. नाव एक असले तरी या दोन गोष्टींची गल्लत करणे योग्य नव्हे. आपल्याकडील शिक्षित मंडळींच्या मनात वाममार्गाविषयी जे चित्र आहे त्यातील काही रंग याच परक्या पुस्तकांतून आलेले आहेत.

काशीतील प्रसंग

भास्कररायांचे वास्तव्य काशीस असताना तेथील पंडितवर्गात त्यांच्याविषयी कुजबूज सुरू झाली. वेदाचा एवढा अधिकारी पुरुष वाममार्गाने पूजा करतो, हे अनेकांना रुचले नाही. अखेर एका महायागाच्या निमित्ताने सर्व पंडित एकत्र जमले आणि त्यांना वादात जिंकून हा मार्ग सोडावयास लावावे असे ठरले. त्या सभेत कुंकुमानंद नावाचे एक सिद्ध यतीही उपस्थित होते. भास्कररायांशी वाद करू नये, देवी स्वतः त्यांच्या मुखाने बोलते, असे त्यांनी पंडितांना समजावून पाहिले. पण विद्येचा अभिमान असा सहजासहजी ओसरत नाही.

प्रश्नांवर प्रश्न झाले आणि प्रत्येकाचे समर्पक उत्तर मिळत गेले. तेव्हा एकाने सहस्रनामातीलच एक नाम पुढे केले. देवी चौसष्ट कोटी योगिनींच्या समुदायाने सेविलेली आहे असे २३७ वे नाम सांगते. त्या चौसष्ट कोटी योगिनींची नावे कोणती व त्यांची उत्पत्ती कशी, असा प्रश्न आला. अर्थात उत्तर मिळावे म्हणून तो विचारलाच नव्हता. भास्कररायांनी शांतपणे पंडितांना लिहून घेण्यास सांगितले, आणि एकेका योगिनीचे नाव व वृत्तांत असे अखंड सांगावयास आरंभ केला. लिहिणारे थकले, सांगणारा थांबेना. पंडितांनी विस्मयाने कुंकुमानंदांकडे पाहिले. यतींनी देवीच्या अभिषेकाचे तीर्थ त्यांच्या डोळ्यांना लावले. तेव्हा भास्कररायांच्या खांद्यावर बसून प्रत्यक्ष जगदंबा ती नावे सांगत असल्याचे त्यांना दिसले. सर्वांनी भास्कररायांच्या चरणी लोटांगण घातले.

ही कथा शिष्यपरंपरेने जतन केलेली आहे. तिच्याइतकेच बोलके म्हणजे 'सौभाग्यभास्कर' हा ग्रंथ, जो काशीतच इ. स. १७२८ च्या सुमारास पूर्ण झाला. सूर्याच्या बारा कलांवरून त्याचे बारा भाग केलेले आहेत. वेद, पुराणे, तंत्रे, व्याकरण, मीमांसा, न्याय या सर्वांचे आधार देत त्यांनी एकेक नाम उलगडून दाखविले. ज्यांना कौलदीक्षा कधीच मिळणार नव्हती अशा असंख्य स्त्रीपुरुषांच्या हाती त्यांनी नामस्मरणाचा सोपा मार्ग सार्थ करून ठेवला.

इतर ग्रंथ व शिष्य

त्यांच्या नावावर चाळीसहून अधिक ग्रंथ सांगितले जातात. 'वरिवस्यारहस्य' हा श्रीविद्येच्या पंचदशी मंत्राचे अनेक अर्थ सांगणारा स्वतंत्र ग्रंथ, 'सेतुबंध' ही नित्याषोडशिकार्णवावरील टीका, 'गुप्तवती' ही सप्तशतीवरील टीका, आणि गणेशसहस्रनामावरील 'खद्योत'. खद्योत शब्दाचा अर्थ सूर्यही होतो आणि काजवाही. आपल्या टीकेला असे नाव देणाऱ्या या विद्वानाची विनोदबुद्धी येथे सहज दिसून येते. भावनोपनिषदावरील भाष्यात मानवी देहच श्रीचक्र कसे आहे ते त्यांनी सांगितले आहे.

'सेतुबंध' पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने आणि 'सौभाग्यभास्कर' मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केला, हे मराठी वाचकांनी ध्यानी घ्यावे. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ (इ. स. १८६५–१९३६) यांनी आर्थर अव्हेलन या नावाने चालविलेल्या तांत्रिक ग्रंथमालेतही भास्कररायांच्या उपनिषद्भाष्यांचा समावेश झाला.

धनाजी जाधवांचे पुत्र सेनापती चंद्रसेन जाधव हे त्यांचे शिष्य होते, असे परंपरा सांगते. पट्टशिष्य मात्र उमानंदनाथ. हे तंजावरकडील महाराष्ट्रीय विद्वान. परशुरामकल्पसूत्राच्या आधारे त्यांनी 'नित्योत्सव' हा पूजापद्धतीचा ग्रंथ रचला, आणि 'भास्करविलास' या काव्यात गुरूचे चरित्र गायिले. आज जी माहिती उपलब्ध आहे तिचा मुख्य आधार हेच काव्य होय.

कुलदेवता चंद्रलांबा हिचे सन्नती येथील मंदिर त्यांनी श्रीचक्राच्या आकारात सिद्ध केले असे सांगतात. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या तीरी असलेले हे स्थान महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचेही कुलदैवत आहे. याच मंदिराच्या आवारात इ. स. १९८६ मध्ये कालीमंदिराचे छत कोसळले असता सम्राट अशोकाचा शिलालेख उघडकीस आला.

कावेरीतीरी

उत्तरायुष्यात तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने भास्करराय चोळमंडलात आले. कावेरीकाठी त्यांना गाव इनाम मिळाले, तेच भास्करराजपुरम्. समोरच्या तीरावर तिरुवालंगाडु येथे त्यांचे न्यायशास्त्राचे गुरू गंगाधर वाजपेयी यांचे वास्तव्य होते, म्हणून त्यांनी हे स्थान पसंत केले असे म्हणतात.

तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुनक्षेत्र, येथील कथा तर त्या प्रांतात सर्वतोमुखी आहे. भास्करराय सायंकाळी आपल्या घराच्या ओट्यावर खांबाला टेकून बसत. महालिंगस्वामींच्या दर्शनास जाणारे एक संन्यासी रोज त्या वाटेने जात. गृहस्थाने संन्याशाला उठून नमस्कार करावा हा धर्म. भास्करराय मात्र जागचे हलत नसत. संन्याशाचा कोप वाढत गेला. एके दिवशी प्रदोषकाळी मंदिरात दोघांची गाठ पडली आणि त्यांनी सर्वांसमक्ष भास्कररायांना दोष दिला. आपण नमस्कार केला असता तर तो यतींना सोसला नसता, असे भास्कररायांनी नम्रपणे सांगितले व प्रचीतीसाठी दंड, कमंडलू आणि छाटी खाली ठेवण्याची विनंती केली. त्या वस्तूंना त्यांनी साष्टांग नमस्कार घातला, तोच दंडाचे तुकडे झाले, कमंडलू फुटला, वस्त्र विदीर्ण झाले. महाषोढान्यासाने ज्याच्या सर्वांगी देवता स्थापित झाल्या आहेत अशा उपासकाचा नमस्कार दुसऱ्याला पेलत नाही, असे शास्त्र आहे. घरी ओट्यावर उठून न बसण्यामागे अनादर नव्हता; संन्याशाचे रक्षण होते. त्या दिवसापासून यतींचे दर्शन घडण्याच्या वेळी भास्करराय घरात निघून जात असत, म्हणजे धर्माचाही भंग नको आणि कोणास अपायही नको.

इ. स. १७८५ च्या सुमारास मध्यार्जुनक्षेत्री त्यांनी देह ठेवला. पतीच्या स्मरणार्थ आनंदीबाईंनी भास्करराजपुरम् येथे शिवालय बांधून भास्करेश्वराची स्थापना केली. कुंभकोणम्‌कडे यात्रेस जाणाऱ्या भाविकांना तिरुविडैमरुदूरचे महालिंगस्वामी मंदिर वाटेतच लागते. तेथून पूर्वेकडे कावेरीकाठी भास्करराजपुरम् आहे.