जिमखान्याच्या दाराबाहेरचा खेळाडू : बाळू पालवणकर

मुंबई शहराचे वर्णन करताना लोक समुद्र, गिरण्या, नाटके आणि सिनेमा यांची नावे घेतात. पण त्या शहरात आणखी एक जग होते, आणि ते सर्वांना दिसत असूनही थोड्यांनाच आतून पाहायला मिळत होते. ते जग म्हणजे तेथील क्लब आणि जिमखाने. भायखळा क्लब १८३३ साली निघाला, यॉट क्लब १८४६ साली, आणि बॉम्बे जिमखाना १८७५ साली. हिरवळ, दिव्यांचा झगमगाट, पांढऱ्या पोशाखातले नोकर, संध्याकाळचे बँडवादन, असा सगळा थाट होता. मात्र सभासद होण्यासाठी पैसा पुरत नसे. कातडी गोरी असावी लागे. हिंदी माणूस आत जाई तो ताट उचलण्यासाठी किंवा मैदान झाडण्यासाठी.

वाचकहो, आज आपण एका अशा पुरुषाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याने झाडू आणि रूळ हाती घेऊन या जगात पाऊल टाकले, आणि पुढे ज्याच्या खेळावर त्याच जिमखान्यांची कीर्ती उभी राहिली. त्यांचे नाव बाळू पालवणकर. हिंदुस्थानचे पहिले थोर गोलंदाज म्हणून क्रिकेटचे इतिहासकार त्यांची नोंद घेतात.

पालवणकर हे नाव कोकणातील पालवण या गावावरून आले. मॉरिशसमधील आपल्या मराठी घराण्यांपैकी पुष्कळांचे पूर्वज त्याच कोकणातून गलबतात बसले होते, म्हणून हे नाव आपल्या कानाला परके वाटू नये. बाळूंचा जन्म मात्र कोकणात झाला नाही. तो १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजाचे. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानले जाई. वडिलांना लष्करात नोकरी होती, त्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळू लागले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही नामांकित खेळाडू झाले. एका घरातून चार खेळाडू निघावेत, आणि तेही अशा घरातून, ही साधी गोष्ट नव्हती.

शिक्षण फार झाले नाही. घरी पैशाची गरज होती. बाळूंनी पुण्यातील पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर नोकरी धरली. पगार महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रूळ फिरवण्याचे. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकावे लागत. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले. तेथे जाळ्या उभारणे, खेळपट्टी आखणे, टेनिसच्या जागेवर रेषा मारणे ही कामे होती. तेथील एका साहेबाने त्यांना सभासदांपुढे गोलंदाजी करायला सांगितले, आणि मग तीच त्यांची खरी शाळा झाली.

बाळू डावखुरे होते. चेंडू संथ टाकीत, पण त्याला उंची देत, दोन्ही बाजूंस वळवीत, आणि दिवसभर टाकले तरी टप्पा चुकू देत नसत. त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचे इंग्रज फलंदाज होते. हिंदुस्थानातील उत्तम गोऱ्या फलंदाजांत त्यांची गणना होई. ग्रेग साहेब इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपण बाद झालो की बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र बाळू पुढे खेदाने सांगत असत. इतकी वर्षे त्यांनी साहेबांना चेंडू टाकले, पण कोणी एकदाही त्यांच्या हाती बॅट दिली नाही. फलंदाजी मालकांची आणि कष्टाची गोलंदाजी नोकराची, असा तेथला अलिखित नियम होता.

बाळूंची कीर्ती पुण्यातील हिंदू क्रिकेट क्लबाच्या कानी गेली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज आपल्या बाजूला हवा, हे सर्वांना कळत होते. पण क्लबात ब्राह्मण मंडळी पुष्कळ होती, आणि अस्पृश्य माणसाला घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा मोठी ठरली. बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत, पण चहाची वेळ झाली की वेगळा व्यवहार सुरू होई. इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना बाहेर, प्यायल्यावर फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई.

म्हणजे पाहा, गोऱ्या क्लबाने हिंदी माणसाला दाराबाहेर ठेवले म्हणून ज्यांना राग येत होता, त्यांनीच आपल्या क्लबाच्या दाराबाहेर आपला सर्वांत चांगला गोलंदाज बसवला होता.

तरीही बाळू खेळत राहिले. एकदा पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी खेळण्यास गेला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती घट्ट करून ठेवली होती. पण स्वतः रूळ ओढून मोठ्या झालेल्या माणसाला खेळपट्टीची भाषा कोण शिकवणार! बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना जिंकून दिला. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने भर सभेत बाळूंच्या गळ्यात हार घातला गेला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहापान आणि जेवणही केले पाहिजे, अशी रानड्यांची भूमिका होती. लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. त्या काळच्या पुण्यात हे लहान पाऊल नव्हते.

पुढे पुण्यात प्लेगची साथ आली, त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. काही काळ लष्करात आणि मग रेल्वेत नोकरी केली. मुंबईच्या जिमखान्यांचे जग आता बदलत होते. बॉम्बे जिमखान्याचे सभासद सार्वजनिक मैदानावर पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी क्रिकेटच्या जागा उखडल्या जात. त्याविरुद्ध हिंदी खेळाडूंनी अर्जांवर अर्ज केले होते. त्या झगड्यात पारशी पुढे होते. त्यातूनच समुद्राकाठी भराव टाकून केलेल्या जमिनीवर आधी पारशी जिमखाना, मग १८९२ साली इस्लाम जिमखाना, आणि १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उभा राहिला. गोऱ्यांनी आपले दार लावले, म्हणून प्रत्येक जमातीने स्वतःचे दार बांधले. बाळू या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. ज्या क्लबात हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते त्याच क्लबाच्या हिरवळीवर हा सामना होता. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे आठ गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होते. त्या वेळी वंगभंगाची आणि स्वदेशीची चळवळ पेटलेली होती, म्हणून या विजयाचा आनंद देशभर झाला. हिंदू जिमखान्यात आता पालवणकर बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीस बसू लागले होते, आणि सुधारक वृत्तीच्या वृत्तपत्रांनी सामन्याइतकेच त्या पंक्तीचेही कौतुक केले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी असे सर्व होते, आणि बाळू व शिवराम हे दोघे भाऊही होते. महाराज थोडे सामने खेळून लंडनच्या मेजवान्यांत आणि राज्यारोहणाच्या समारंभांत रमले. संघ पुष्कळ सामने हरला. पण पस्तिशीचे बाळू, दुखऱ्या खांद्यानेही, दिवसामागून दिवस चेंडू टाकीत राहिले. सर्व सामने धरून त्यांनी ११४ गडी बाद केले, सरासरी १९ पेक्षाही कमी. लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे १७८७ साली निघालेला साऱ्या क्रिकेटजगाचा मालक क्लब, त्याच्याविरुद्धही ते लॉर्ड्सच्या मैदानावर खेळले. पुण्याच्या क्लबात झाडू मारणारा मुलगा तेथवर पोचला होता. मुंबईस परतल्यावर दलित बांधवांनी त्यांचा सत्कार केला. भीमराव आंबेडकर तेव्हा विद्यार्थी होते. त्यांनाही या खेळाडूचा मोठा अभिमान वाटे.

मग एवढ्या मोठ्या खेळाडूला कर्णधार का केले नाही? हाच प्रश्न त्या वेळीही विचारला जात होता. गुण होते, अनुभव होता, सर्वांत अधिक बळी त्यांच्या नावावर होते. १९१३ साली एम. डी. पै हे हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेव्हा हा मान खरे तर बाळूंचा होता, असे त्यांनी स्वतःच जाहीर सभेत सांगितले. हे त्यांच्या मनाचे मोठेपण. पण निवड करणारे लोक हलले नाहीत. जात नसलेल्या गुणालाही अडवू शकते, आणि असलेल्या गुणालाही, हेच खरे.

१९२० साली हे प्रकरण पेटले. बाळूंना संघातून वगळण्यात आले. शिवराम आणि विठ्ठल संघात होते. पै आजारी पडले, आणि कर्णधारपद विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांना देण्यात आले. तेव्हा दोघा भावांनी जातीमुळे अन्याय होत असल्याचे जाहीर पत्रक काढून संघ सोडला. मुंबईत मोठी चर्चा झाली. पुष्कळ हिंदूंनी भावांची बाजू घेतली. अखेर जिमखान्याला नमते घ्यावे लागले. पारशी संघाविरुद्धच्या पुढच्या सामन्यात भाऊ परत आले, बाळूंनाही बोलावले आणि उपकर्णधार केले. पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी तेवढा वेळ हिंदू संघाचे नेतृत्व केले. आयुष्यभराच्या सेवेबद्दल त्यांच्या वाट्याला एवढेच आले.

पण झगडा वाया गेला नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले, आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली मराठीत आपले क्रीडाचरित्र लिहिले. थोरल्या भावाने जे दार ठोठावले, त्यातून धाकटा आत गेला.

उतारवयात बाळू राजकारणात आले. वेगळ्या मतदारसंघांना त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले. ज्या आंबेडकरांना एके काळी त्यांचा अभिमान वाटे त्यांच्यासमोर त्यांना उभे राहावे लागले, ही गोष्ट चटका लावणारी आहे. दोघांचे ध्येय आपल्या माणसांना माणूस म्हणून जगता यावे हेच होते, वाटा मात्र वेगळ्या. बाळूंचा विश्वास होता की आत शिरून, गुण दाखवून, पंक्तीत बसून मन बदलता येते. आंबेडकरांनी पाहिले की प्रत्येकाजवळ बाळूंसारखा डावा हात नसतो, आणि हक्क गुणावर अवलंबून ठेवता येत नाहीत. आज मागे वळून पाहता आंबेडकरांचे म्हणणे अधिक खोल होते, असे म्हणावे लागते. पण बाळूंच्या आयुष्याने त्याचाच पुरावा दिला, हेही विसरू नये.

१९५५ साली बाळू पालवणकर यांचे मुंबईत निधन झाले. ३३ प्रथम श्रेणीचे सामने आणि १७९ बळी, प्रत्येक बळीला सुमारे १५ धावा, असा त्यांचा हिशेब पुस्तकांत आहे. दरम्यान जिमखान्यांची दारेही हळूहळू उघडली. १९१८ साली गव्हर्नर विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब निघाला, त्यात गोरे आणि हिंदी दोघेही सभासद होऊ शकत, अर्थात श्रीमंत हिंदी. १९३३ साली हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावरच झाला. स्वातंत्र्यानंतर त्या जिमखान्यात हिंदी सभासद आले. जमातींच्या नावाने होणारे सामने १९४६ नंतर बंद पडले, आणि ते बरेच झाले.

आपल्या मुलांना क्रिकेटपेक्षा फुटबॉल अधिक प्रिय आहे, हे ठाऊक आहे. तरी ही कथा त्यांना सांगावी. आपल्या बेटावरच्या लोकांनाही बंद दारे अनोळखी नाहीत. आपल्या आजा-पणजांनी साखरमळ्यांवर ती पाहिली. बाहेर ठेवले गेल्याचे दुःख आपण विसरत नाही, आणि विसरूही नये. पण आपल्या मंडळाच्या, सभेच्या आणि घराच्या उंबऱ्याबाहेर आपण कोणाला मातीच्या भांड्यात चहा देतो आहोत का, हेही पाहिले पाहिजे. बाळू पालवणकर यांची आठवण ठेवायची ती यासाठी.