हिमनद्यांचे भाष्यकार : लुई आगासी

स्वित्झर्लंडमधील जुरा पर्वत चुनखडीचा आहे. तथापि त्याच्या उतारांवर ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा पडलेल्या आढळतात. हा ग्रॅनाइट मूळचा दूरच्या आल्प्स पर्वतातला. मग मधला विस्तीर्ण प्रदेश ओलांडून या शिळा येथे आल्या कशा? महापुराने वाहून आणल्या, असे पुष्कळ विद्वान मानीत. हे कोडे उलगडणाऱ्यांत लुई आगासी यांचे नाव अग्रगण्य आहे.

आगासींचा जन्म स्वित्झर्लंडमध्ये २८ मे १८०७ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, पण मन रमले ते माशांच्या जीवाश्मांत. १८३२ मध्ये ते नशातेल येथे प्राध्यापक झाले.

शार्पांतिए नावाचे त्यांचे एक स्नेही होते. या शिळा हिमनद्यांनीच आणल्या, असे ते व्हेनेट्स नामक अभियंत्याच्या निरीक्षणांच्या आधारे प्रतिपादीत. आगासींचा यावर विश्वास नव्हता. १८३६ च्या उन्हाळ्यात ते शंकित मनानेच रोन नदीच्या खोऱ्यात गेले. तेथे बर्फापासून दूरवर ओरखडलेले खडक आणि दगडमातीचे बांध त्यांनी पाहिले, आणि आपले मत बदलले. पुढच्याच वर्षी त्यांनी विद्वत्सभेत हिमयुगाची कल्पना मांडली. सभा नाराज झाली. थोर शास्त्रज्ञ हुंबोल्ट यांनी तर त्यांना माशांकडेच परतण्याचा सल्ला दिला.

आगासी डगमगले नाहीत. १८४० पासून आर हिमनदीवर एका मोठ्या शिळेच्या आडोशाला त्यांनी सहकाऱ्यांसह मुक्काम ठोकला. हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत त्यांनी सरळ रेषेत खुंट रोवले. कालांतराने पाहतात, तो रेषेला बाक आलेला! मध्यभागीचे खुंट पुढे गेले होते, काठाचे मागे राहिले होते. एकदा तर ते दोराला बांधून घेऊन बर्फातील खोल विवरात उतरले, आणि तळाच्या थंडगार पाण्यात बुडता बुडता वाचले.

हिमनदीचे रहस्य आज आपणांस ठाऊक आहे. वर्षानुवर्षे साचलेला हिम स्वतःच्या भाराने दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचे घट्ट बर्फ बनते. हे बर्फ आपल्याच वजनाने उताराकडे सरकू लागते. तळाशी रुतलेले दगड कानशीप्रमाणे खडक घासतात. अरुंद दऱ्या रुंद होतात, आणि बर्फ वितळले की वाहून आणलेल्या दगडमातीचे बांध मागे उरतात.

१८४६ मध्ये आगासी अमेरिकेस गेले आणि हार्वर्ड विद्यापीठात नामवंत अध्यापक ठरले. परंतु त्यांच्या चरित्राची दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. डार्विनचा उत्क्रांतिवाद त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. मानववंशांत उच्चनीच भेद असल्याचे त्यांचे मत तर असत्य आणि अन्यायकारक होते. प्रत्यक्ष पुराव्यापुढे आपले मत सोडणारा तो तरुण उत्तरायुष्यात तसा राहिला नाही. बुद्धिमान पुरुषासही ही दक्षता जन्मभर बाळगावी लागते, हाच बोध आमच्या विद्यार्थ्यांनी घ्यावा.

१४ डिसेंबर १८७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. अमेरिकेतील त्यांच्या समाधीवर आर हिमनदीच्या परिसरातून आणलेली एक शिळा उभी आहे. जिच्या भगिनींना हिमनदीने जुरापर्यंत नेले, ती मात्र माणसांनी समुद्रापार नेली.