साष्टीच्या गावांत चाळीस वर्षे : फादर थॉमस स्टीफन्स

'ख्रिस्तपुराण' हे नाव ऐकले नाही असा मराठी कॅथलिक भाविक विरळाच. ह्या ग्रंथाचा कर्ता इंग्लंडमध्ये जन्मला होता, हेही बहुतेकांना ठाऊक असते. परंतु हा परदेशी मनुष्य आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कसा आला, येथील खेड्यांनी त्याला कसे सामावून घेतले आणि त्याने त्या पाहुणचाराची फेड कशी केली, ह्याविषयी फारसे बोलले जात नाही. आज त्याच बाजूने त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचा आमचा विचार आहे.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन ह्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत झाले. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे झाले होते. थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत कॅथलिक गृहस्थाशी स्टीफन्स ह्यांची मैत्री होती. संशय येऊ नये म्हणून ते पाउंड ह्यांचे नोकर असल्याची बतावणी करून त्यांच्याबरोबर फिरत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा असा बेत होता, पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. आपल्या बंदिवान मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे खटपट केली आणि तिला यश आले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. साडेसहा महिन्यांच्या त्या प्रवासात आजारपणाने २७ जण दगावले. गोव्यात उतरल्यावर त्यांनी वडिलांना लिहिलेले सविस्तर पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि हिंदुस्थानच्या जलमार्गाविषयी तेथील व्यापाऱ्यांचे कुतूहल त्याने वाढवले. आम्हाला मात्र त्या पत्राचा शेवट अधिक जवळचा वाटतो. युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसत नाही, अपवाद काय तो द्राक्षवेलीचा, असे ते वडिलांना कळवतात आणि पुढे माडाविषयी, माडीविषयी व नारळाविषयी लिहितात. नव्या मुलखात उतरलेल्या माणसाला पहिल्यांदा झाडांचे परकेपण जाणवावे, हे फार खरे आहे.

१५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक साष्टीत झाली. ही आपली ठाण्याची साष्टी नव्हे. दक्षिण गोव्यातील मडगाव, राय, राशोल, बाणावली ह्या परिसराला सहासष्ट गावांवरून साष्टी हे नाव पडले. तेथे गावकऱ्यांची जुनी घट्ट व्यवस्था होती. जमीन गावाची सामाईक असे आणि तिचा कारभार मूळ घराण्यांचे गावकर पाहत. बाहेरून आलेल्याला त्यात वाटा नसे.

फादर स्टीफन्स ज्या साष्टीत गेले ती जखमी साष्टी होती, हे आपण विसरता कामा नये. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने तेथील शेकडो देवळे पाडली होती. लोकांचे जुने धर्मग्रंथ वाचण्यावर बंदी आली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारातून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा होते. ख्रिस्तसभेने १८९३ साली त्या पाचही जणांना धन्यवादित घोषित केले. त्याच प्रकरणाचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांना ठार करण्यात आले. बोलावून आणलेल्या माणसांचा असा घात झालेल्या मुलखात एका परदेशी पाद्रीने दारोदार जायचे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः यजमान होण्याची वेळ फादर स्टीफन्स ह्यांच्यावर आली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज लंडनहून भूमध्य समुद्रमार्गे सीरियातील त्रिपोली बंदरी उतरले होते. तेथून अलेप्पो, बगदाद, बसरा असा मार्ग काढत ते होर्मुझला पोहोचले. त्या मार्गावरील शहरांत परदेशी व्यापाऱ्यांना सराया होत्या, उतरायला जागा होती, ओळखीपाळखी होत्या. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर ठरवून पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. हे इंग्रज बहुधा प्रॉटेस्टंट, ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स ह्यांना नोकराचे सोंग घ्यावे लागले होते, तिचेच प्रजाजन. तरीही फादर स्टीफन्स आणि त्यांचे एक फ्लेमिश बंधू त्यांच्यासाठी धावले. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी होता, त्यानेही मदत केली. जामिनाची तजवीज झाली आणि डिसेंबर १५८३ मध्ये ते सुटले. चित्रकार असलेला स्टोरी काही काळ येशूसंघीयांकडे राहिला. फिच आणि न्यूबेरी ह्यांनी दुकान थाटले, पण पुन्हा पकडले जाण्याच्या भीतीने १५८४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी लीड्सला घेऊन गोवा सोडला. फिच १५९१ साली लंडनला परतला आणि त्याच्या अनुभवाचा उपयोग पुढे ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करणाऱ्यांना झाला. ह्या गोष्टीतले राजकारण इतिहासकार सांगतील. आम्हाला एवढेच दिसते की, ज्याला आपले घर सोडावे लागले होते त्याने त्या घरच्यांसाठी दार उघडले.

साष्टीच्या लोकांच्या पाहुणचाराची फेड त्यांनी भाषेने केली. ते कोकणी शिकले, मराठी शिकले आणि हे शिकणे अर्थातच लोकांच्या ओसरीवर बसून झाले असणार. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी भाऊ रिचर्ड ह्यांना लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. हा विचार युरोपातील पंडितांमध्ये रुजायला पुढे दोनशे वर्षे लागली. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या पश्चात १६४० साली राशोलला छापले गेले. कोकणीतील त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तकही १६२२ साली तेथेच छापले गेले.

आम्ही हे नवी मुंबईत बसून लिहीत आहोत. हे शहर ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनीवर उभे राहिले. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबे वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून आली. आपण सारेच ह्या आगरी-कोळी गावांचे पाहुणे आहोत. येथल्या किती जुन्या गावांची नावे आपल्याला सेक्टरच्या आकड्यावाचून सांगता येतील, असा प्रश्न फादर स्टीफन्स वाचताना मनात येतो.

ख्रिस्तपुराणाचा उगमही गावातल्याच एका मागणीत आहे. रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एका ब्राह्मणाने विचारले की, आमची जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी वाचायला काही मिळणार नाही काय? ग्रंथाच्या आरंभी फादर स्टीफन्स ह्यांनीच हा प्रसंग दिला आहे. मागणी न्याय्य होती, आणि ती त्यांनी झिडकारली नाही. ग्रंथ १६१६ साली राशोलला छापून झाला. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरु आणि एकूण १०,९६२ ओव्या. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा अवघी सतरा वर्षे झाली होती. ज्या ओवीत मराठी माणूस देवाची कथा ऐकत आला, त्याच ओवीत प्रभू येशूची कथा आली. पूर्व भूमध्य किनाऱ्याजवळच्या खेड्यांची ही कथा, जागा न मिळालेल्या बेथलेहेमची, लग्नघरी द्राक्षारस संपलेल्या कानाची. पाहुण्यांपुढे यजमानाची लाज जाऊ नये म्हणून पवित्र मरियेने केलेली धावपळ साष्टीच्या गृहिणीला समजावून सांगावी लागली नसेल. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मजकूर नागरी लिपीत छापावा अशी त्यांची इच्छा होती, १६०८ साली त्यांनी त्यासाठी रोमला लिहिलेही, पण खिळ्यांची सोय झाली नाही आणि मराठीचा हा ग्रंथ रोमन लिपीत निघाला.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. मायदेशी ते एकदाही परतले नव्हते. ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचा हुकूम काढला. गोवा सोडून दक्षिणेस कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र ख्रिस्तपुराणाची हस्तलिखिते सोबत नेली आणि परमुलखात घरोघरी ती वाचली. त्यांच्या घरांत जपलेल्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीत ख्रिस्तपुराण वाचायला मराठी माणसाला १९५६ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात ती आवृत्ती काढली.