धातुप्रतिमांचे कुळ शोधणारे डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा

जिनमंदिरात मूलनायकांच्या सन्मुख विराजमान असलेल्या लहानमोठ्या पंचधातूच्या प्रतिमांचे दर्शन श्रावक-श्राविका नित्य घेतात, प्रक्षाल करतात, केशर-चंदनाने पूजा करतात. परंतु त्या प्रतिमेच्या पाठीमागे कोरलेली दोन-तीन ओळींची अक्षरे वाचावीत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ती प्रतिमा कोणी भरविली, कोणत्या गावी भरविली, कोणत्या आचार्यांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली, हे सारे तेथे लिहिलेले असते आणि वर्षानुवर्षांच्या वाळाकुंचीने व अंगलुछण्याने ते हळूहळू पुसट होत जाते. अशी पुसट झालेली अक्षरे वाचण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या विद्वद्वर्य डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांचे नाव जैन मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांत आदराने घेतले जाते.

डॉ. शहा यांचा जन्म 1915 सालचा. त्यांची कर्मभूमी बडोदा. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या दूरदृष्टीमुळे या नगरीत विद्येची मोठी साधने उभी राहिली होती. वस्तुसंग्रहालय होते, संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांचा संग्रह होता आणि 1927 साली स्थापन झालेले प्राच्यविद्या मंदिर होते. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाल्यावर हे मंदिर त्या विद्यापीठाचा भाग झाले. याच संस्थेत डॉ. शहा यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि ते तिचे उपसंचालक झाले. तेथूनच निघालेल्या वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीतील उत्तरकांडाचे संपादन त्यांचे असून ते 1975 साली प्रसिद्ध झाले. ही एकच कामगिरी एखाद्या पंडिताच्या नावलौकिकाला पुरेशी ठरावी; परंतु डॉ. शहा यांचे मन रमले ते जिनप्रतिमांत.

ऐन पंचविशीत त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात अंबिका देवीच्या मूर्तिविधानावर निबंध लिहिला. पाठोपाठ सरस्वतीवर लिहिला आणि 1947 साली सोळा महाविद्यांवर. त्या काळी जैन मूर्तिकलेकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी काहीशी उदासीन होती. सर्व तीर्थंकर सारखेच दिसतात, तेव्हा त्यांत अभ्यासण्यासारखे काय, असा एक समज होता. डॉ. शहा यांनी आगम, चूर्णी, चरित्रे व प्रतिष्ठाकल्प यांचे पाठ एका हाती आणि प्रत्यक्ष मूर्ती दुसऱ्या हाती घेऊन हा समज किती वरवरचा आहे हे दाखविले.

1951 साली बडोद्याच्या उशाशी, विश्वामित्री नदीपलीकडील अकोटा या गावी जमिनीतून धातुप्रतिमांचा मोठा साठा अचानक बाहेर आला. प्रतिमा व त्यांचे अवशेष मिळून 68 वस्तू होत्या. कित्येक गंजून गेलेल्या, काहींचे हात तुटलेले, काहींचे पादपीठ एकीकडे व मूर्ती दुसरीकडे. मोडीच्या तराजूत अशा धातूचे जे काही मोल झाले असते ते तांब्या-पितळेच्या वजनावर झाले असते. जुन्या वस्तूंच्या दलालाने चेहरा शाबूत आहे की नाही एवढेच पाहिले असते. डॉ. शहा यांनी मात्र प्रत्येक तुकड्याला त्याचे कूळ विचारले.

अकोटा हे गाव आज बडोदे शहरातच सामावून गेले आहे. परंतु पूर्वी स्थिती याच्या नेमकी उलट होती. राष्ट्रकूट कर्कराजाच्या शके 734, म्हणजे इ. स. 812 च्या ताम्रपटात वडपद्रक, म्हणजेच आजचे बडोदे, हे अंकोट्टक चौऱ्याऐंशीतील एक गाव म्हणून नोंदलेले आहे. तेच अंकोट्टक म्हणजे अकोटा. अशा संपन्न नगरात जिनालय असणे स्वाभाविकच होते. त्यामुळे साठ्याचे मूळ स्थान निश्चित होते. प्रश्न काळाचा होता, कारण महत्त्वाच्या कितीतरी प्रतिमांवर लेख असूनही संवत नव्हता.

श्रीऋषभदेवांच्या एका उभ्या प्रतिमेवर निवृत्तिकुलातील जिनभद्र वाचनाचार्य असे नाव आढळले. तेच नाव दुसऱ्या एका प्रतिमेवरही निघाले. संवत नसताना केवळ नावावरून काय सिद्ध होणार? डॉ. शहा यांनी प्रथम अक्षरांची वळणे तपासली व तत्कालीन ताम्रपटांतील लिपीशी ताडून पाहिली. ती सहाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवीत होती. मग त्यांनी ग्रंथांकडे मोर्चा वळविला. विशेषावश्यकभाष्याचे कर्ते श्रीजिनभद्रगणी क्षमाश्रमण हे जैन परंपरेतील थोर भाष्यकार. त्या भाष्याच्या जेसलमेर येथील ताडपत्री प्रतीत शके 531 म्हणजे इ. स. 609 चा उल्लेख आहे. वाचनाचार्य व क्षमाश्रमण या पदव्या समानार्थी वापरल्या जात. या सर्व गोष्टी जुळवून प्रतिमेवरील जिनभद्र ते हेच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या आचार्यांचे नाव आजवर केवळ पोथीत वाचावयाचे, त्यांच्या नावाची धातूत कोरलेली खूण डोळ्यांपुढे उभी राहिली.

याहून चित्तवेधक कथा श्रीजीवंतस्वामींची आहे. अकोट्याच्या साठ्यात मुकुट, कुंडले, हार, बाजूबंद ल्यालेली, धोतर नेसलेली, हात खाली सोडून निश्चल उभी असलेली मूर्ती मिळाली. अलंकार पाहावेत तर राजाचे, आणि मुद्रा पाहावी तर कायोत्सर्गाची. ही कोणाची मूर्ती? एखाद्या अनभिज्ञाने तिला राजपुत्र म्हटले असते, एखाद्याने बोधिसत्त्व. डॉ. शहा यांना वसुदेवहिंडी, आवश्यकचूर्णी आणि श्रीहेमचंद्राचार्यांचे त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र परिचित होते. दीक्षेपूर्वी राजवाड्यातच ध्यानस्थ उभे असलेल्या वर्धमानकुमारांची चंदनाची प्रतिमा त्यांच्या हयातीतच घडविली गेली, अशी परंपरा या ग्रंथांतून येते. म्हणूनच ती जीवंतस्वामींची प्रतिमा. अकोट्यास अशा दोन प्रतिमा मिळाल्या आणि एकीच्या पादपीठावर जीवंतस्वामी हे नाव स्पष्ट कोरलेलेच निघाले. ती भरविणारी चंद्रकुलातील नागीश्वरी नावाची श्राविका होती. सुमारे चौदाशे वर्षे मातीखाली राहिलेले त्या माउलीचे नाव असे पुन्हा उजेडात आले.

कापडाची पारख असणाऱ्याने या प्रतिमा अवश्य पाहाव्यात. मेणाच्या नमुन्यावर साचा घडवून ओतलेल्या या मूर्तींवरचे तलम वस्त्र अंगाला असे चिकटून बसलेले दाखविले आहे की धातूचा विसर पडावा. डोळ्यांत चांदी बसविलेली आहे. चामरधारिणीच्या मूर्तीची तर कलारसिकांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. परंतु डॉ. शहा वस्त्राच्या सौंदर्यावर थांबले नाहीत. त्या वस्त्राने त्यांच्यापुढे एक नाजूक प्रश्न उभा केला.

श्रीऋषभदेवांची ती धोतर नेसलेली उभी प्रतिमा सवस्त्र तीर्थंकरप्रतिमांतील आद्य उदाहरणांपैकी होय. त्यापूर्वीच्या, मथुरेच्या कुषाणकालीन प्रतिमांत तीर्थंकर निर्वस्त्रच आहेत. आणि तरीही त्यांच्या पादपीठांवर जे गण, कुळे व शाखा कोरलेल्या आहेत त्या श्वेतांबरांच्या कल्पसूत्रातील स्थविरावलीत सापडतात. यावरून डॉ. शहा यांनी असे प्रतिपादन केले की, दोन्ही आम्नायांच्या प्रतिमांत आरंभी भेद नव्हता. तो पाचव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या पत्रिकेच्या पहिल्याच अंकात, 1950-51 साली, त्यांनी हा विषय मांडला. तीर्थांच्या मालकीवरून दोन्ही आम्नायांत वाद चालू असताना असे लिहिणे सोपे नव्हते. प्रतिमेवर वस्त्र आहे की नाही एवढ्यावरून अतिप्राचीन काळचा हक्क सांगणाऱ्या कोणाचीही या निष्कर्षाने सोय होत नव्हती. मूर्तीने जे सांगितले तेच त्यांनी लिहिले, कोणाच्या पारड्यात वजन टाकले नाही.

वसंतगढच्या साठ्याचेही त्यांनी असेच परिशीलन केले. राजस्थानातील सिरोही भागातल्या या प्रतिमा पुढे पिंडवाडा येथील मंदिरात आल्या. तेथील दोन भव्य कायोत्सर्ग प्रतिमांवर विक्रम संवत 744, म्हणजे इ. स. 687, हे वर्ष आणि शिवनाग या शिल्प्याचे नाव आहे. लेखात त्याला साक्षात ब्रह्मदेवाची उपमा दिली आहे. आपल्याकडे दात्याचे नाव कोरतात, घडविणाऱ्याचे क्वचितच. म्हणून शिवनागाचे भाग्य थोर. शिवाय अशा संवतासह मिळालेल्या प्रतिमा म्हणजे अभ्यासकाची प्रमाणित मापे. बिनसंवताच्या मूर्तींचा काळ त्यांच्याशीच ताडून ठरवावा लागतो.

परंतु जेथे लेखही नाही आणि स्थानही नाही तेथे काय करावे? मुंबईच्या याच म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, श्रीपार्श्वनाथांची एक लहानशी उभी धातुप्रतिमा आहे. उजवा हात तुटलेला, सर्पफणा खंडित, पादपीठ नाहीसे झालेले. ती कोठून आली याची नोंद नाही. डॉ. शहा यांनी केवळ देहाच्या घडणीवरून, सडपातळ व लांब अवयवांवरून, मोहेंजोदडोच्या नर्तिकेपर्यंत तुलना नेऊन, ती इसवी सनापूर्वी सुमारे 100 वर्षांची किंवा त्याहून जुनी असावी असे मत 1950 च्या दशकात मांडले. सर्वांना ते मान्य झाले नाही. अन्य विद्वान तिला बरीच नंतरची मानतात. स्थान हरवले की डॉ. शहा यांच्यासारख्या पारख्याच्या निष्कर्षालाही तर्काचाच आधार उरतो, हे या मूर्तीच्या उदाहरणावरून कळते. आणि स्थान हरवते ते बहुधा माणसांच्याच हातून. जीर्णोद्धाराच्या वेळी जुन्या प्रतिमा नोंद न करता इकडून तिकडे दिल्या जातात, कोठे त्या चोरीस जातात आणि हात बदलत दूरदेशी पोहोचतात. 1972 चा पुरावशेष कायदा 1976 पासून अमलात आला. त्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती खासगीरीत्या परदेशी नेण्यास बंदी घातली. पण मंदिरात प्रत्येक प्रतिमेचा फोटो आणि लेखाची नक्कल जपून ठेवलेली नसेल, तर हरवलेली मूर्ती आपलीच हे सिद्ध करणे कठीण जाते.

डॉ. शहा यांची ग्रंथसंपदा विपुल आहे. जैन कलेवरील त्यांचा प्रबंधग्रंथ 1955 साली बनारसहून निघाला. अकोट्याच्या प्रतिमांवरील ग्रंथ 1959 साली तत्कालीन मुंबई राज्याच्या पुरातत्त्व खात्याने प्रसिद्ध केला. जैन भांडारांतील चित्रित पोथ्यांवरही त्यांनी 1978 साली ग्रंथ सिद्ध केला. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवानिमित्त निघालेल्या जैन कला व स्थापत्याच्या बृहद्ग्रंथात मूर्तिविधानाचे प्रकरण त्यांच्याच लेखणीतून उतरले.

आयुष्यभर टिपून ठेवलेल्या सामग्रीला त्यांनी अखेरच्या वर्षांत एकत्र बांधावयास घेतले. जैन-रूप-मंडन या त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड 1987 साली दिल्लीहून प्रकाशित झाला. पुढच्याच वर्षी, 1988 साली, डॉ. शहा यांचे निधन झाले. ग्रंथावर पहिला खंड असे छापलेले आहे. दुसरा त्यांच्या हयातीत निघू शकला नाही.