वेल्मा जॉन्स्टन

वेल्मा ब्रॉन जॉन्स्टन (५ मार्च, १९१२ : रीनो, नेव्हाडा, अमेरिका – २७ जून, १९७७ : रीनो) या जंगली घोड्यांच्या रक्षणासाठी लढणाऱ्या अमेरिकन कार्यकर्त्या होत्या. वाइल्ड हॉर्स ॲनी या नावाने त्या अधिक परिचित आहेत. जंगली घोड्यांना संरक्षण देणारे अमेरिकेचे १९५९ व १९७१ चे संघीय कायदे मुख्यत्वे त्यांच्या प्रयत्नांचे फळ होय.

पूर्वायुष्य

स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत आणलेल्या व पुढे मोकाट झालेल्या घोड्यांच्या वंशजांना मस्टँग म्हणतात. वेल्मा यांचे वडील तान्हे असताना वाळवंटातील प्रवासात एका मस्टँग घोडीच्या दुधावर जगले, अशी आठवण त्यांच्या घरी सांगितली जात असे. वयाच्या अकराव्या वर्षी, १९२३ मध्ये, वेल्मा यांना पोलिओ झाला. उपचारासाठी त्यांना अनेक महिने सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात प्लॅस्टरमध्ये जखडून राहावे लागले. या आजाराने त्यांच्या चेहऱ्यात कायमचे व्यंग आले आणि वेदनांनी जन्मभर सोबत केली. पुढे त्यांचा विवाह चार्ल्स जॉन्स्टन यांच्याशी झाला. वॉड्सवर्थ गावाजवळ ट्रकी नदीकाठी त्यांचे पशुपालन-क्षेत्र होते. वेल्मा स्वतः रीनो येथील एका विमा कचेरीत सचिव म्हणून नोकरी करीत.

लढ्याचा आरंभ

१९५० साली एके सकाळी कामावर जाताना त्यांना पुढे चाललेल्या मालमोटारीतून रक्त ठिबकताना दिसले. त्यांनी त्या गाडीचा पाठलाग केला. आत दाटीवाटीने कोंबलेले जखमी घोडे कत्तलखान्यात चालले होते. त्या काळी विमाने कमी उंचीवरून उडवून कळपांना डोंगरातून मोकळ्या मैदानात हाकलले जाई. तेथे मालमोटारींतून त्यांच्या गळ्यात फास टाकला जाई आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला जड टायर बांधलेले असत. टायर ओढून घोडा थकला की त्याला गाडीत चढविले जाई. हे मांस प्रामुख्याने पाळीव कुत्र्यामांजरांच्या खाद्यात वापरले जात असे.

वेल्मा यांनी माहिती व छायाचित्रे जमवून प्रथम स्टोरी परगण्यात आवाज उठविला. १९५२ मध्ये तेथे विमानाने घोडे पकडण्यावर बंदी आली. त्यांना हिणविण्यासाठी विरोधकांनी वाइल्ड हॉर्स ॲनी हे नाव वापरले. वेल्मा यांनी ते अभिमानाने स्वीकारले. १९५५ मध्ये नेव्हाडा राज्यानेही बंदीचा कायदा केला. परंतु तो संघीय जमिनीला लागू नव्हता आणि राज्यातील बहुतांश जमीन संघीय सरकारच्याच मालकीची होती. त्यामुळे बहुसंख्य कळप असुरक्षितच राहिले.

संघीय कायदे

नेव्हाडाचे प्रतिनिधी वॉल्टर बेअरिंग यांनी अमेरिकन संसदेत विधेयक मांडले. वेल्मा यांनी देशभर पत्रमोहीम चालविली. तीत शाळकरी मुलांचा वाटा मोठा होता. ८ सप्टेंबर, १९५९ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने संघीय जमिनीवर विमाने व मोटारींनी जंगली घोड्यांचा पाठलाग करणे आणि त्यांचे पाणवठे दूषित करणे गुन्हा ठरला. मात्र या कायद्याने केवळ पकडण्याच्या रीतीवर निर्बंध आले; घोड्यांना राहण्याचा हक्क मिळाला नाही. १९६४ मध्ये पतीच्या निधनानंतरही वेल्मा यांनी हे काम सोडले नाही. मोंटाना व वायोमिंगच्या सीमेवर १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रायर पर्वत अभयक्षेत्राच्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता.

१५ डिसेंबर, १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली. संसदेच्या दोन्ही सभागृहांत त्याला विरोध झाला नाही. जंगली घोडे व गाढवे हा राष्ट्राचा ऐतिहासिक वारसा मानून त्यांना पकडणे, छळणे व मारणे यांवर त्याद्वारे बंदी आली आणि देखरेखीची जबाबदारी संघीय खात्यांवर सोपविण्यात आली.

नव्या घरांचा शोध

संरक्षण मिळाल्याने घोड्यांची संख्या वाढणार आणि मर्यादित कुरणांवर ताण येणार, हे उघड होते. कळपांची संख्या मर्यादेत ठेवण्यास वेल्मा यांचा विरोध नव्हता. जादा घोड्यांची रवानगी कत्तलखान्यात होऊ नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९७३ मध्ये प्रायर पर्वतातील घोडे नागरिकांना दत्तक देण्यास आरंभ झाला आणि १९७६ मध्ये ही योजना देशभर लागू झाली. अर्जदाराकडे जागा, चारा व अनुभव आहे की नाही, हे पडताळण्याच्या कामी वेल्मा यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेली संस्था सरकारला मदत करीत असे.

मृत्यू व वारसा

वेल्मा जॉन्स्टन यांचे १९७७ मध्ये कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन, एक वर्ष नीट सांभाळ केल्यास दत्तक घोड्याची मालकी पालकाला मिळू लागली. मालकी मिळताच घोड्याचे कायदेशीर संरक्षण मात्र संपते. त्यामुळे असे घोडे पुन्हा कत्तलखान्यात पोचण्याचा धोका निर्माण झाला. २००४ मधील आणखी एका दुरुस्तीने दहा वर्षांहून अधिक वयाचे किंवा तीनदा दत्तक न गेलेले घोडे विकण्याची मुभा दिली. दत्तक योजना आजही चालू आहे. मात्र जादा घोड्यांना सुरक्षित घर मिळवून देण्याचा वेल्मा यांना पडलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही. लेखिका मार्गरीट हेन्री यांनी १९६६ मध्ये त्यांच्या जीवनावर मुलांसाठी कादंबरी लिहिली.